शेंबडीचं नाक

भिवा गमरेला मांजरं आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याने जे केलं ते ऐकून हा माणूस जन्माचा मांजरवेडा असणार असं कुणालाही वाटेल. तसं काही नव्हतं. मांजर म्हणजे वाळत घातलेले बोंबील पळवणारी जात, यापलीकडे त्या प्राण्याबद्दल त्याचं काही मत नव्हतं. नायगावच्या बीडीडी चाळीत मांजरांना तोटा नव्हता आणि भिवाने भिरकावलेली चप्पल त्यांच्यापैकी पुष्कळांनी चुकवलेली होती.

माणूस काटकुळा, अबोल. बोलला तर एवढंसंच बोलायचा, पण ते आडवळणाने नाही. गिरणीत तो रिंगखात्यात होता. गरगर फिरणाऱ्या चात्यांसमोर दिवसभर येरझारा घालायच्या आणि सूत तुटलं की तिथल्या तिथे बोटांनी सांधायचं, हे त्याचं काम. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्याला एक खोड जडली होती. काही तुटलेलं, सुटलेलं, मागे राहिलेलं दिसलं की त्याला तिथून पुढे जाता येत नसे. सार्वजनिक नळाची गळती असो की जिन्याची निखळलेली पट्टी, भिवा तिथे उकिडवा बसलेला दिसायचाच. त्याची बायको कमळाबाई म्हणायची, "भोंगा झाला तरी ह्यांचं खातं चालूच."

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गोळीबारात गेलेल्यांची नावं चाळीचाळींतल्या फळ्यांवर होती, निवडणुका होऊन गेल्या होत्या, आणि मुंबई अजून मिळायची होती. भिवाच्या चाळीत तळमजल्यावर समितीची शाखा होती. भाषण करणं त्याला जमण्यातलं नव्हतं. मोर्चात घोषणा द्यायलासुद्धा तो जरा लाजायचा. त्याच्याकडे खळीचं काम होतं. भिंतींवर पोस्टरं चिकटवायला मैद्याची खळ शिजवायची, उंदरांनी ती खाऊ नये म्हणून त्यात मोरचूद घालायचं आणि डबा घेऊन पोस्टरवाल्यांच्या पुढे चालायचं. परळ-नायगावातल्या भिंतींवर जे काही टिकून राहिलं ते भिवाच्या खळीमुळे, असं शाखेत म्हणत. भिवाला ते ऐकायला आवडायचं.

शाखेच्या खोलीत झेंड्यांची एक पेटी होती. एका मांजरीने त्या पेटीत, थेट झेंड्यांवरच, पिल्लं घातली. कार्यकर्त्यांनी थोडी आरडाओरड केली आणि सभेसाठी दुसरीकडून झेंडे आणले. पिल्लं जरा मोठी झाल्यावर मांजरीने बिऱ्हाड हलवलं. भिवा स्टोव्हवरची खळ ढवळत होता, त्याच्या डोळ्यांसमोरच हे चाललं होतं. एकेका पिल्लाला मानेला धरून ती घेऊन जात होती. शेवटचं एक राहिलं. मांजरीने त्याला हुंगलं. पिल्लू शिंकलं. तिने पुन्हा हुंगलं, थोडी थांबली, आणि त्याला तिथेच टाकून जी गेली ती परत आलीच नाही.

भिवा वाट बघत बसला. खळ करपली. त्याच्या हातून खळ करपायची ती पहिलीच वेळ होती.

पिल्लू घरी आलं तेव्हा कमळाबाईने आधी त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. पिल्लाचे डोळे चिपडांनी बंद झाले होते, नाक भरलेलं होतं आणि श्वासाला घरघर लागलेली होती.

"काय ही शेंबडी," ती म्हणाली. आणि तेच नाव पडलं.

"दोन दिवस ठेवू," भिवा म्हणाला. "बरी झाली की सोडून देऊ."

"दोन दिवसांत बरी व्हायला ती काय तुमच्या रिंगचा तार हाय?"

पण बोलता बोलता तिने लुगड्याचा सोगा ओला करून पिल्लाचे डोळे पुसायला घेतलेसुद्धा. कमळाबाईचं हे असंच. तोंडाने नको म्हणत असताना हात कामाला लागलेले असायचे. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली होती, आणि दुपारी चार घरची भांडी घासून आल्यावर कमळाबाईला घर फार गप्प वाटायचं. हे ती कुणाला सांगत नसे.

एका खोलीत पिल्लाला जागा कुठली द्यायची? बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव समुद्रात गेले होते. देवांची फळी तेवढी भिंतीला राहिली होती. चुलीच्या जरा वर असल्याने तिथे ऊब असायची. कमळाबाईने फळीवर जुन्या गोधडीचा तुकडा घातला आणि शेंबडीला वर ठेवलं. शेजारच्या आनंदीबाई बघायला आल्या.

"देव काढलेत आणि हे बसवलंत होय?" त्या म्हणाल्या.

"ह्याला वाढलं तर निदान जेवेल," कमळाबाई म्हणाली.

पण ते जेवत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दूध पुढे ठेवलं, शेंबडीने त्यात नाक बुडवलं, शिंकून सगळीकडे उडवलं आणि मान फिरवली. माशाचा तुकडा तिच्या मिशीला लावला तरी तिला पत्ता नाही. भिवाने मग स्वतःचं औषध काढलं. गिरणीतला माणूस छातीतला कापूस निघून जावा म्हणून गूळ खातो. भिवाच्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा नाही असा दिवस उजाडत नसे, आणि आपण आजवर खोकत मेलो नाही ते गुळामुळेच अशी त्याची खात्री होती. त्याने गुळाचं कोमट पाणी केलं आणि बोटाने शेंबडीला चाटवलं. तिच्या नाकातलं तसूभर हललं नाही. पोट मात्र असं बिघडलं की देवांची फळी कमळाबाईला दोनदा धुवावी लागली.

"आता पुरे तुमची डागतरी," ती म्हणाली. "बैलघोड्यात न्या."

परळचं जनावरांचं इस्पितळ, त्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणत. सुट्टीच्या दिवशी भिवा डब्याच्या पिशवीत पिल्लू घालून तिथे गेला. रांगेत पुढे एक लंगडणारा टांग्याचा घोडा, मागे खांद्याला आवाळू आलेला बैल, आणि मधे हा गडी छातीशी पिशवी धरून. घोडेवाल्याने विचारलं, "तुमचं काय हाय?" भिवाने पिशवी जरा उघडून दाखवली. घोडेवाल्याने आत डोकावून बघितलं आणि न हसता म्हणाला, "लई बारीक हाय." भिवाला तो माणूस फार बरा वाटला.

डॉक्टरही बरे होते. त्यांनी शेंबडीला तपासलं, तिचे डोळे, घसा बघितला, सुई दिली आणि समजावून सांगितलं.

"ही सर्दी लवकर जाणार नाही. कमी होईल, परत वाढेल. कदाचित जन्मभर थोडी राहीलच. पण सर्दीने ही मरणार नाही. मरेल ती भुकेने. मांजर वासावर खातं. वास आला नाही की त्याच्या लेखी ते अन्नच नाही. नाक मोकळं राहिलं तर खाईल, खाल्लं तर जगेल. कोमट मिठाच्या पाण्याने पुसत जा, उबदार, ओलसर हवेत ठेवा, आणि धूर अजिबात नको."

एवढं भिवाला पुरेसं होतं. नाक मोकळं राहायला हवं. सूत अखंड राहायला हवं म्हणण्यासारखंच हे काम होतं, आणि ते त्याला येत होतं.

मग ते घर शेंबडीच्या नाकाभोवती फिरायला लागलं. चूल फळीखालून दाराशी आली आणि धुराने आनंदीबाईंशी भांडण झालं. सकाळी पेजेचं भांडं उतरलं की कमळाबाई शेंबडीला पदराखाली घेऊन वाफेवर धरायची. भिवा गिरणीतला धुतलेला कापूस कोमट पाण्यात भिजवून तिचं नाक पुसायचा. मग जवळा भाजायचा. भाजलेल्या जवळ्याचा वास साऱ्या मजल्यावर जायचा, खालच्या शाखेत बसलेल्यांना भूक लागायची, तो येत नसे फक्त जिला यायला हवा तिला. कधी नाक थोडं सुटायचं, ती दोन घास चाटायची आणि नवराबायको एकमेकांकडे बघायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बंद. भिवा पाळीला आणि कमळाबाई भांड्यांना गेली की दिवसभर वाफ देणारं कुणी नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत नाकावर खपली धरायची. थंडी वाढली तशी शेंबडीची बरगडी न् बरगडी दिसायला लागली. ती आता म्यांव करायची तेव्हा नुसतं तोंड उघडायचं, आवाज निघत नसे.

"ही नाय राहायची," कमळाबाई एके संध्याकाळी म्हणाली. तिला रडू आलं आणि मांजरासाठी रडू आल्याचा रागही आला.

त्या वेळी खोलीत दत्ताराम राऊळ बसला होता. दत्ताराम मालवणकडचा, राहायला लालबागला, भिवाच्याच गिरणीत सांचाखात्यात मागावर विणकर. समितीच्या कामामुळे त्याचं या चाळीत येणंजाणं झालं होतं. अंगापिंडाने भरलेला, गडगडाटी हसणारा, मनाने मोकळा गडी. सांचाखात्यातल्या माणसांत भिवाच्या घरी चहा प्यायलेला तो पहिला. चहा पिताना तो असे फुरके मारायचा की सगळ्या मजल्याला कळावं. त्यात थोडी हौस होती दाखवायची, हे खरं. पण प्यायचा, हेही खरं. इतरांनी तेवढंही केलेलं नव्हतं.

"ओली हवा व्हयी मा?" दत्तारामने विचारलं. "मग आमच्या खात्यात काय कमी आसा? दिवसभर वाफ सोडतत. भायर पौष आसो नायतर माघ, आत घामाची आंघोळ. माझ्या सांच्याखाली टोपलीत ठेव. हाय काय नि नाय काय."

भिवाला हे पटलं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून सांचाखात्यात वाफ सोडून हवा ओली ठेवतात हे त्याला ठाऊक होतं. साऱ्या मुंबईत त्याहून उबदार, ओली जागा कुठे मिळणार? आणि गिरणीत मांजराचं नवल नव्हतं. सुताला खळ लावणाऱ्या खळखात्यात उंदरांसाठी मांजरं होतीच. दोघा गिरणीकामगारांनी मिळून विचार केला तो असा, आणि तो गिरणीकामगारांनाच सुचावा असा होता. बाहेरच्या माणसाने आधी हवेत काय उडतं ते बघितलं असतं. यांना ते दिसेनासं होऊन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना भिवाने टोपली नेली आणि सांचाखात्याच्या दारात दत्तारामच्या हातात दिली. तो स्वतः उंबऱ्याबाहेर थांबला.

तिथे थांबायची त्याला सवय होती. इतकी वर्षं गिरणीत काढून भिवाने सांचाखात्यात कधी काम केलं नव्हतं, आणि का नव्हतं हे गिरणीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मागावर जो धोटा इकडून तिकडे धावतो, त्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. बोटांनी ते पटकन निघत नाही. विणकर छिद्राला ओठ लावतो, एकच झटका देऊन श्वास ओढतो आणि सूत ओठांवर येतं. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना. असा तोंडातोंडी फिरणारा धोटा भिवाच्या जातीच्या माणसाने तोंडाला लावलेला इतरांना चालत नसे, म्हणून त्या जातीला सांचाखात्यात काम नसे. पगार तिथे जास्त, पण काम नाही. अस्पृश्यता कायद्याने कधीच गेली होती. मालकाला कापडाशी मतलब, त्याचीही फारशी हरकत नसावी. हरकत होती ती शेजारच्या मागावरच्या माणसाची, जो संपात खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. भिवा तरुणपणी एकदा विचारायला गेला होता. तेव्हाच्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, सांगितलं, "माझं काय नाय रे, पण लोक ऐकणार नायत." भिवा चात्यांसमोर परत गेला. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि विसरलाही नाही.

त्या सकाळी त्याचं लक्ष चात्यांवर नव्हतं. सुट्टीचा भोंगा होताच डबा न उघडता तो सांचाखात्याकडे गेला. दत्ताराम टोपली घेऊन दाराकडेच धावत येत होता, आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं.

ओल्या हवेत कापसाचं तूसही ओलं होतं. मागांतून उडणारं ते बारीक तूस सकाळभर शेंबडीच्या वाहत्या नाकावर बसत गेलं होतं आणि त्याचं बूच झालं होतं. ती तोंड वासून पडली होती. जीभ निळसर, पोट खालीवर उडत होतं आणि हवा आत जात नव्हती. घशातही काही अडकलं असावं. भिवाने करंगळीच्या नखाने बूच काढायला बघितलं, तर ते आणखी आत गेलं. पळत्या चातीवर सूत सांधणारे हात, पण आता ते त्याचं ऐकेनात.

"आण हडे," दत्ताराम म्हणाला. त्याने पिल्लू हिसकावून घेतलं, तोंडाशी धरलं, त्या एवढ्याशा नाकाला ओठ लावले आणि झटका देऊन ओढलं. बाजूला थुंकला. पुन्हा ओढलं. तूस आणि शेंबूड यांची एक वातच्या वात बाहेर आली. शेंबडी शिंकली, तडफडली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज फुटला.

सभोवती विणकर जमले होते. एकच हशा पिकला.

"दत्त्या, आता मागावर मांजर लाव," कुणीतरी म्हणालं.

जॉबर बाबुरावने स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. दत्तारामने खळखळून चूळ भरली, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "कापूस तो कापूस. आमका काय नवीन?" लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मग कुणी डबे उघडले, कुणी विड्या काढल्या, आणि दत्ताराम त्यांच्यात बसून जेवला.

भिवाला त्या घडीला दत्तारामचे पाय धरावेसे वाटले. हे अगदी खरं. शेंबडीला सदऱ्याच्या आत घालून तो रिंगखात्यात परतला, आणि तिची घरघर पोटाला लागत होती तोवर दुसरं काही त्याच्या मनात आलं नाही.

ते आलं पाळी सुटल्यावर, घरी चालत जाताना. मांजराच्या नाकाला तोंड लावलेलं चाललं. त्या तोंडाला जॉबरने आपला तांब्या दिला, त्याच्याशेजारी बसून सगळे जेवले, आणि उद्या त्याच तोंडाने ओढलेला धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस काही न विचारता ओढील. भिवा चालता चालता थांबला. त्याला संताप आला असता तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटली, आणि लाज आपल्याला का वाटावी हे त्याला कळेना.

घरी जवळा भाजला. शेंबडीने मान वर केली, नाकपुड्या हलवल्या, आणि धडपडत ताटलीकडे आली. ती खात होती तेव्हा कमळाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. भिवाने तिला गिरणीतलं सगळं सांगितलं. दुसरं जे मनात होतं तेही.

"पोरीचं नाक मी असंच ओढायची, लहान असताना," कमळाबाई म्हणाली. "आईने ओढलं तर काय वाटत नाय. दत्तारामभाऊ भला माणूस हाय."

"भला हाय," भिवा म्हणाला. "म्हणूनच."

नाक काही कायमचं सुटलं नव्हतं. सकाळी पुन्हा भरलं. आता पुसत बसण्यात अर्थ नव्हता, इलाज कळलेला होता. भिवाने तोंड लावलं. पहिल्यांदा काही निघालं नाही. दुसऱ्यांदा शेंबडीने त्याच्या ओठावर पंजा मारला. जोराने ओढून उपयोग नव्हता, ओठ घट्ट हवेत आणि झटका आखूड हवा, हे त्याला हळूहळू कळत गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ तेच. थंडी सरता सरता भिवाला ते असं साधलं की एका ओढीत नाक मोकळं, आणि शेंबडीही आता डोळे मिटून तोंड वर करायला लागली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती फळीवरून उडी मारून खाली येऊ लागली. शिंकायची अजूनही, आणि पाणी पिताना नाकातून बुडबुडे काढायची.

दत्ताराम येतच होता. शेंबडीची गोष्ट त्याने सगळ्या लालबागला ऐकवली होती आणि दर वेळी त्यात तूस वाढत चाललं होतं. "कसा आसा माझा पिल्लू?" तो दारातूनच विचारायचा, आणि शेंबडी त्याच्या मांडीवर जाऊन बसायची. त्या दिवशीही बसली होती. कमळाबाईने चहा दिला. त्याने पहिला फुरका मारला.

"दत्ताराम," भिवा म्हणाला, "मी ओढलेला धोटा तू ओढशील?"

दत्तारामला आधी कळलं नाही. मग कळलं. शेंबडीच्या पाठीवरून फिरणारा त्याचा हात तसाच राहिला.

"खात्यात लोक काय म्हणतील..."

"लोकांचं मी नाय विचारलं. तुझं विचारलं."

कमळाबाई चुलीकडे तोंड करून बसली. दत्तारामने कपातल्या चहाकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस असता तर त्याने लगेच हो म्हटलं असतं आणि विषय संपवला असता. तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याने भिवाला तो जास्तच आपला वाटला.

"ओढीन," तो शेवटी म्हणाला. उरलेला चहा उभ्या उभ्याच प्यायला आणि गेला.

मग तो बरेच दिवस फिरकला नाही. शाखेतही आला नाही. भिवाने मनातल्या मनात विषय सोडून दिला होता. एके दिवशी सुट्टीच्या भोंग्यानंतर दत्ताराम रिंगखात्याच्या दारात उभा दिसला.

"चल," एवढंच म्हणाला.

सांचाखात्यात माग थांबले होते. विणकर जागजागी डबे उघडून बसले होते. दत्ताराम पुढे, भिवा मागे. उंबरा ओलांडताना भिवाचा पाय अडखळला, पण दत्तारामने मागे वळून बघितलं नाही, आणि बरंच केलं. आपल्या मागाशी येऊन त्याने धोटा उचलला, नवी कांडी बसवली.

"भिवा आज सूत ओढणार हा," तो मोठ्याने म्हणाला. "मागसून मी ओढतलंय. कोणाक काय बोलायचा आसात तर आता बोला."

एकाने डब्याचं झाकण लावलं. बाबुरावने विडी पेटवली आणि तिकडे बघणं टाळलं. भिवाने धोटा हातात घेतला. वाटलं होतं त्याहून तो जड होता, आणि छिद्र शेंबडीच्या नाकपुडीएवढंच. त्याने ओठ घट्ट लावले, आखूड झटका दिला. सूत ओठांवर आलं. पहिल्याच ओढीला.

"अरे, ह्येका येता," एक म्हातारा विणकर न राहवून म्हणाला.

दत्ताराम हसला. त्याचा चेहरा खुलला होता, मित्राचं कौतुक वाटावं तसा. त्याने भिवाकडून धोटा घेतला, सूत तोडलं, टोक पुन्हा आत सोडलं, धोटा वर उचलला आणि खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने छिद्राच्या कडा नीट पुसल्या. आधी या बाजूने, मग त्या बाजूने. मग धोटा ओठांकडे नेला.

आणि तिथे थांबला. त्याला आपल्या हातातला पंचा दिसला होता.

त्याने भिवाकडे बघितलं. भिवा त्याच्याकडेच बघत होता. मांजराच्या नाकाला तोंड लावताना हा पंचा त्याच खांद्यावर होता हे दोघांनाही आठवत होतं.

"हात आपसूक गेलो रे," दत्ताराम म्हणाला. "देवाशपथ. माझ्या मनात काय नव्हता."

"ठाऊक हाय," भिवा म्हणाला.

दत्तारामने धोट्याला ओठ लावले आणि ओढलं. सूत आलं नाही. वीस वर्षं मागावर काढलेला विणकर, त्याचा श्वास पुरेना. डोळ्यांत पाणी आणून त्याने पुन्हा ओढलं, आणि तिसऱ्यांदा कुठे टोक बाहेर आलं. ते त्याने बोटांत धरून भिवाला दाखवलं. भिवाने मान हलवली. तेवढ्यात भोंगा झाला, माग धडधडायला लागले, आणि तो आपल्या खात्यात गेला.

संध्याकाळी कमळाबाई दारातच होती. त्याच गिरणीत असलेल्या आनंदीबाईंच्या नवऱ्याकडून तिला काहीबाही कळलं होतं.

"ओढला?" तिने विचारलं.

"ओढला." भिवाने मोरीत जाऊन हातपाय धुतले. बाहेर आला आणि म्हणाला, "आधी पुसला. मग ओढला."

कमळाबाईने तव्यावर जवळा टाकला. फळीवर शेंबडी बसली होती. दिवसभरात नाक भरून वाहिलं होतं आणि श्वास घरघरत होता. भिवाला बघून तिने डोळे मिटले आणि तोंड वर केलं. कमळाबाईने ओला कापूस पुढे केला. भिवाने तो घेतला नाही. त्याने शेंबडीला दोन्ही हातांत धरलं आणि न पुसता तिच्या नाकाला तोंड लावलं.